३८ टक्क्यांवर मरणारा लॅपटॉप : बॅटरीच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

आज तिसऱ्यांदा झालं म्हणून लिहायला घेतलं. पाऊस सुरू झाला की साताऱ्यात आमच्या भागात लाईटचा लपंडाव ठरलेला, त्यात काही नवीन नाही, पण आज लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर सात-आठ मिनिटं नीट चालला आणि ३८ टक्के दाखवत असताना खटकन बंद. वॉर्निंग नाही, स्क्रीन मंद होणं नाही, सरळ काळोख. टॅलीमध्ये (हिशोबाचं सॉफ्टवेअर) एका हॉटेलवाल्याच्या खरेदीच्या एन्ट्र्या मारत होते, शेवटचं व्हाउचर गेलं. परवा ४१ वर बंद पडला होता, त्याआधी एकदा ३५ वर.

लाईट आल्यावर चालू केला तर ३७ टक्के दाखवतोय! म्हणजे त्याच्या मते बॅटरीत माल आहे. मग बंद का पडलास बाबा?

मशीनची माहिती: १४ इंची, आठव्या पिढीचा आय-५, २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. कंपनीचं नाव लिहित नाही, पाच वर्षं गप्प काम केलंय त्याने. माझं काम घरून, छोट्या दुकानदारांची जीएसटी आणि हिशोब. परवा ११ तारखेला जीएसटीआर-१ ची (विक्रीचं विवरणपत्र) शेवटची तारीख आणि २० ला ३बी ची (कर भरायचं विवरणपत्र), त्यामुळे हे प्रकरण अगदी चुकीच्या आठवड्यात आलंय.

इतर तक्रारी, लक्षात आहेत तोवर: पंखा जरा जास्त फिरतो. टचपॅडची डावी क्लिक कडक झालीय, धूळ गेली असेल. माऊस वापरते, त्यामुळे तिकडे लक्ष दिलं नाही.

११ जून, मंगळवार

जीएसटीआर-१ सगळे गेले. दिवसभर चार्जर काढला नाही, दर दहा मिनिटांनी सेव्ह.

संध्याकाळी बाबांना बोलावलं. बाबा साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेत आणि त्यांचा पिवळा मल्टिमीटर हा आमच्या घरातला पाचवा माणूस आहे. आधी चार्जरवर संशय. अॅडॅप्टर १९.५ व्होल्ट ६५ वॅटचा, पिनेवर मोजलं तर १९.४ आले, वायर वाकवून हलवून बघितली तरी आकडा हलला नाही. (आमच्या पिनेच्या मधोमध बारीक सुईसारखी तार असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो, ती तुटली तर व्होल्टेज बरोबर असूनही चार्ज होत नाही. आमची शाबूत आहे.) चार्जिंगही होतंय, ३७ वरून १०० ला गेला दोन तासांत.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तिन्ही वेळच्या लाल नोंदी सापडल्या, कर्नल-पॉवर ४१. त्याचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर शटडाऊन न होता बंद पडलं. ते मलाही माहितीये.

बाबांचं निदान: "बॅटरी गेली." कशावरून म्हटलं, तर म्हणाले, "दुसरं काय असणार." हे निदान मी मान्य केलं नाही.

१३ जून, गुरुवार

बॅटरी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहायचं, स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट, एन्टर. युजरच्या फोल्डरमध्ये एक पान तयार होतं, ते ब्राउझरमध्ये उघडायचं. माझे आकडे:

डिझाइन कपॅसिटी (नवीन असताना किती वीज मावायची) ४१,०४० मिलिवॅट-अवर, म्हणजे ४१ वॅट-अवर. फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावते) ३३,३३०. सायकल काउंट १४३.

म्हणजे ८१ टक्के तब्येत. पाच वर्षांच्या बॅटरीला ८१ म्हणजे फर्स्ट क्लास! आणि १४३ सायकल म्हणजे काहीच नाही, लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकल आरामात काढते असं सगळीकडे वाचलेलं. सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के खर्च झाले की एक, आज ५० आणि उद्या ५० वापरले तरी एकच. माझा कायम चार्जरला लावलेला, त्यामुळे आकडा कमी.

मी विजयी मुद्रेने बाबांना दाखवलं, बॅटरी ठीक आहे, मदरबोर्डचं काहीतरी दिसतंय. मदरबोर्ड म्हटलं की पोटात गोळा येतो ते वेगळं.

बाबांनी चष्मा वर केला, रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "हे लोड देऊन मोजलंय का असंच?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर प्रवचन दिलं, ते इथे लिहून ठेवते कारण पुढचं सगळं त्याच्यावर झालं. बॅटरी नुसती उभी असताना मीटर लावला की बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते, गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी चांगलीये, आणि सेल्फ मारला की आठवर येऊन बसते, टक-टक-टक. म्हणून बॅटरीवाला ती चिमट्यासारखी क्लॅम्प लावून मोठा करंट ओढतो आणि काटा किती खाली येतो ते बघतो. "नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा म्हणजे नवरदेवाचा फोटो," असं म्हणाले. आई स्वयंपाकघरातून हसली.

१५ जून, शनिवार

लोड टेस्ट. लॅपटॉपच्या बॅटरीला क्लॅम्प लावायचा नाही, लॅपटॉपलाच कामाला लावायचं आणि व्होल्टेज बघायचं. त्यासाठी नीरसॉफ्टचं बॅटरीइन्फोव्ह्यू नावाचं फुकट टूल घेतलं, छोटंसं, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, ते बॅटरीचं व्होल्टेज, किती वॅट खर्च होतायत वगैरे दाखवतं आणि लॉग ठेवतं. दर १० सेकंदांनी नोंद असं सेटिंग केलं. लॉग पेन ड्राइव्हवर, म्हणजे मशीन मेलं तरी पुरावा राहील.

चार्जर काढला. ६२ टक्क्यांपर्यंत साधं काम करत उतरवला, मग:

फक्त टॅली उघडं, ब्राइटनेस निम्मा: ९ वॅट, ११.४ व्होल्ट.
अँटीव्हायरसचं फुल स्कॅन आणि दोन व्हिडिओ एकदम: २६ वॅट, आणि व्होल्टेज १०.१!

१.३ व्होल्टचा खड्डा. स्कॅन थांबवलं की पाच-सात सेकंदांत परत ११.३. परत लोड, परत खड्डा. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले, एकही शब्द बोलले नाहीत, फक्त पाय हलवत होते.

हिशोब केला (हिशोब तर माझा धंदाच). ९ वॅट भागिले ११.४ म्हणजे ०.७९ अँपिअर. २६ भागिले १०.१ म्हणजे २.५७. करंट १.७८ ने वाढला आणि व्होल्टेज १.३ ने पडलं, १.३ भागिले १.७८ म्हणजे साधारण ०.७३ ओहम. हा बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, जितका जास्त तितका खड्डा मोठा. चांगल्या बॅटरीचा किती असतो ते नवीन आली की मोजेन, पण बाबा म्हणाले की हे फार आहे.

४४ टक्क्यांवर परत लोड दिला. ९.४ पर्यंत घसरलं आणि बंद. लॉगमधली शेवटची ओळ: ४३ टक्के, ९.४ व्होल्ट.

आता कोडं सुटलं. आमच्या बॅटरीत तीन सेल एकामागे एक जोडलेले, एकेक ३.८ व्होल्टचा म्हणून ११.४. सेल ३ व्होल्टच्या आसपास आला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तोडून टाकतं, तिन्हीचे मिळून ९. पण ९.४ ला का तोडलं? कारण ते सर्किट बेरीज बघत नाही, एकेक सेल वेगळा बघतं. दोन सेल ३.३ वर असतील आणि एक २.८ वर तर बेरीज ९.४ च येते, आणि त्या एकापायी तिघांना बंद करावं लागतं. एक सेल आजारी आहे.

मग टक्के का खोटे? कारण टक्के मोजणारी चिप वहीखात्यासारखी चालते, किती करंट आत गेला, किती बाहेर आला, जमा-खर्च. मला तर हे लगेच पटलं, वहीत शिल्लक ३८ रुपये आणि गल्ल्यात हात घातला तर नोटा फाटक्या. आणि माझी बॅटरी पाच वर्षं कधी नीट उतरलीच नाही, त्यामुळे चिपला गल्ला मोजायची संधीच मिळाली नाही, तिने जुनीच शिल्लक पुढे ओढली. ती ८१ टक्के तब्येत हा त्याच वहीतला आकडा.

काहीजण म्हणतात कॅलिब्रेशन करा, पूर्ण भरा, पूर्ण उतरवा, परत भरा. त्याने वही दुरुस्त होईल, सेल नाही. सोडून दिलं.

१६ जून, रविवार

उघडला. खरं तर फक्त लेबल बघायला उघडायचा होता, कारण मॉडेलच्या नावावरून बॅटरी मागवली की फसतो, एकाच मॉडेलमध्ये तीन सेलची ११.४ व्होल्टची आणि चार सेलची १५.२ ची अशा दोन येतात, कनेक्टर पण वेगळे. बॅटरीवरचा पार्ट नंबर हाच खरा.

शटडाऊन केला, चार्जर काढला. आधी मुद्दाम २० टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवला होता (लोड न देता, हळूहळू), भरलेल्या बॅटरीशी झटापट नको, काही झालं तर कमी माल असलेला बरा. खालचे दिसणारे आठ स्क्रू आणि मागच्या रबरी पट्टीखाली लपलेले दोन. ते दोन न काढता जोर लावून खाचा मोडल्याच्या कहाण्या भरपूर आहेत. मागचे स्क्रू लांब, पुढचे आखूड, वहीच्या पानावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू सेलोटेपने चिकटवले. कडेने जुनं सिमकार्डचं प्लास्टिक घालून फिरवलं, टक टक करत खाचा सुटल्या.

झाकण उघडलं आणि आम्ही दोघं गप्प.

मधला सेल फुगलाय. कडेचे दोन सपाट, चांदीच्या पाकिटासारखे, आणि मधला तांदूळ भरलेल्या उशीसारखा. आणि तो बरोब्बर टचपॅडच्या खाली! क्लिक कडक झाली होती ती धूळ नव्हती, खालून बॅटरी टचपॅडला ढकलत होती. पहिल्याच दिवशीच्या नोंदीत मी स्वतः लिहिलंय आणि पुढे गेलेय. लॅपटॉप टेबलावर ठेवून बोटाने गोल फिरवला असता तर भिंगरीसारखा फिरला असता, तळ मधे फुगीर झालाय तो. एवढं साधं.

फुगतो कशाने, तर आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू मोडतं आणि त्याचा गॅस होतो, पाकीट सीलबंद त्यामुळे गॅस आतच. उष्णता आणि कायम १०० टक्के भरलेलं ठेवणं ही त्याची दोन आवडती खाद्यं, आणि मी पाच वर्षं दोन्ही भरवली. १०० टक्क्याला सेल ४.३५ व्होल्टपर्यंत ताणलेला असतो, रात्रंदिवस, आणि लॅपटॉप पश्चिमेच्या खिडकीत. सायकल १४३ च कारण बॅटरी वापरलीच नाही, बसून बसून नासली.

आता पुढचं काम. सगळ्यात आधी कनेक्टर सोडवला, मग पॉवरचं बटण २० सेकंद दाबून ठेवलं, उरलासुरला करंट जायला. बॅटरी चार स्क्रूंवर होती, चिकटवलेली नव्हती हे नशीब. प्लास्टिकच्या कार्डाने उचलली, स्क्रू ड्रायव्हरने कुठेही उचकटायचं नाही, दाबायचं तर अजिबात नाही. बाबांनी सवयीने मल्टिमीटरच्या पिना कनेक्टरला लावल्या (मी ओरडायच्या आत) आणि शून्य आलं. "मेली की!" मेली नाहीये, अशा बॅटऱ्या लॅपटॉपला जोडलेल्या आहेत असा सिग्नल मिळाल्याशिवाय बाहेर व्होल्टेज देतच नाहीत. आणि त्या पिना इतक्या जवळ असतात की मीटरची सुई घसरली की शॉर्ट. मीटर जप्त केला.

शेजारचे काका बघायला आले, म्हणाले टाचणीने भोक पाडून हवा काढली की बसेल खाली, सायकलच्या ट्यूबचा फुगा आम्ही असाच काढायचो. त्यांना चहा देऊन घरी पाठवलं. टाचणी म्हणजे आतले दोन थर एकमेकांना टेकणार, तिथेच शॉर्ट, तिथेच आग.

बॅटरीच्या कनेक्टरला टेप लावली, आईच्या पत्र्याच्या बादलीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवली, बादली गच्चीवर पत्र्याखाली, पाऊस लागणार नाही अशी. आई विचारतेय बादली कधी मिळणार.

त्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं: १९४ ग्रॅम. का केलं माहीत नाही, काटा समोर होता म्हणून. पुढे फार कामाला आलं.

१९ जून, बुधवार

बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालतो, पण जरा मंद वाटतोय. बरेच लॅपटॉप बॅटरी नसली की प्रोसेसरला आवरतात, कारण अचानक जास्त करंट लागला तर पाठीशी कोणी नसतं. ३बी भरताना दुपारी लाईट गेली ती गेलीच, अर्थात मशीनही गेलं. रात्री बसून सगळे ३बी संपवले. एक दिवस आधी!

२२ जून, शनिवार

पुण्याला. सकाळच्या एसटीने स्वारगेट, तिथून बुधवार पेठेत तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. ऑनलाइन मागवणार होते पण फोटोवरून काय कळणार, म्हटलं हातात घेऊन बघू. (हातात घेऊनही कळत नाही, हे उद्याच्या नोंदीत.)

चार दुकानं फिरले. पार्ट नंबर सांगितला की सगळीकडे एकच प्रश्न, "ताई, ओरिजिनल देऊ की कम्पॅटिबल?" (कम्पॅटिबल म्हणजे दुसऱ्याच कोणी बनवलेली, पण जुळणारी) आणि पुढे भाव बघितले की ओरिजिनलमध्येही दोन ओरिजिनल. एकाने तर "ओरिजिनलची कॉपी" असं सांगितलं, त्याच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. शेवटी एका ठिकाणी कम्पॅटिबल घेतली, १,८०० रुपये, लेबलवर ११.४ व्होल्ट, ४१ वॅट-अवर, पार्ट नंबर तोच, कनेक्टर जुळला. बिल मागितलं तर "बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे." मी दिवसभर लोकांना पक्कं बिल घ्या म्हणून ओरडते आणि स्वतः वहीच्या कागदावर शिक्का मारून घेऊन आले. हे कुणाला सांगायचं नाही.

२३ जून, रविवार

बसवली. बसवायला २० मिनिटं, त्यातली दहा कनेक्टर सरळ आहे ना हे टॉर्चने बघण्यात.

रिपोर्ट: डिझाइन ४१,०४०. फुल चार्ज ४१,०४०. सायकल ०. तंतोतंत सारखे आकडे बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण हिशोब करणाऱ्या माणसाला पै-पैला जुळलेला ताळेबंद बघितला की आधी संशय येतो. खऱ्या मोजणीत थोडं इकडेतिकडे असतंच. हा मोजलेला आकडा नाही, चिपमध्ये लिहून पाठवलेला आहे.

म्हणून आधी वजन करायला हवं होतं, ते बसवल्यावर सुचलं. परत उघडला, काढली, काट्यावर ठेवली: १५१ ग्रॅम. जुनी १९४! त्याच आकाराची बॅटरी ४३ ग्रॅम हलकी. लिथियमच्या सेलमध्ये माल वजनानेच असतो, तेवढीच वीज पाऊणपट वजनात कोणी देत असेल तर तो तपकीर गल्लीत कशाला बसेल.

तरी पुराव्यासाठी पूर्ण टेस्ट. १०० टक्के भरली, चार्जर काढला, एकच व्हिडिओ लूपवर, वायफाय चालू, ब्राइटनेस ७० टक्के, लॉगमध्ये सरासरी ११ वॅट. ४१ वॅट-अवर खरे असतील तर पावणेचार तासांच्या आसपास जायला हवी. दोन तास २० मिनिटांत संपली, शेवटी ४१ टक्क्यांवरून एकदम ७ आणि बंद. ११ गुणिले २.३३ म्हणजे जेमतेम २६ वॅट-अवर. मधे ६२ टक्क्यांवर खड्ड्याची टेस्टही घेतली, ९ वॅटला ११.३ व्होल्ट, २६ वॅटला १०.६, हिशोबाने ०.४२ ओहम. जुन्या आजारी बॅटरीपेक्षा बरी, एवढंच.

बाबा: "नवरदेवाचा फोटोच हा पण."

२८ जून, शुक्रवार

रविवारी पालख्या पुण्यात येणार, त्याच्या आत जाऊन आले. दुकानदाराला लॉग दाखवला, त्याने तो बघितलाही नाही. काट्यावरचे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, १९४ आणि १५१, ते मात्र लगेच समजले. "ताई, कॉपी ती कॉपी." पैसे परत नाही, दुसरा पीस नेऊ शकता म्हणाला. दुसरा पीस शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवायला लावला (सर्किट बोर्डांचं भंगार मोजायचा काटा होता), १५० ग्रॅम. मग अर्धा तास वादावादी, आजूबाजूचे दोन दुकानदार ऐकायला आले आणि शेवटी १,३०० रोख आणि एक स्क्रू ड्रायव्हरचा सेट यावर मिटलं. सेट चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

तिथून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. पार्ट नंबर दिला, बॅटरी ४,१५० अधिक १८ टक्के जीएसटी, ४,८९७. पक्कं बिल, एचएसएन कोडसकट (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा आकडा), ८५०७ बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी. स्टॉकमध्ये नाही, आठवड्याने कुरिअर करू म्हणाले, लिथियम असल्यामुळे विमानाने नाही, रस्त्याने येणार. हे आधीच केलं असतं तर दोन फेऱ्यांचं एसटीचं भाडं वाचलं असतं, पण ४,९०० एकदम द्यायला हात धजत नव्हता हे खरं.

६ जुलै, शनिवार

आली. खोका उघडायच्या आधी काटा काढला. १९३ ग्रॅम. बाबांनी टाळी वाजवली.

७ जुलै, रविवार

बसवली. सुरुवातीला २९ टक्के चार्ज दाखवला. लिथियम बॅटऱ्या पाठवताना अर्धवटच भरलेल्या ठेवतात, विमानाच्या मालवाहतुकीला तर ३० टक्क्यांची मर्यादाच आहे, त्यामुळे नवीन बॅटरी भरलेली आली नाही म्हणून कोणी घाबरू नये. उलट १०० टक्के भरून आली तर विचारावं.

रिपोर्ट: डिझाइन ४१,०४०, फुल चार्ज ४१,५६०. जुळत नाहीत, छान!

तीच व्हिडिओची टेस्ट, तेच ११ वॅट. तीन तास ३५ मिनिटांनी ५ टक्क्यांवर विंडोजने रीतसर हायबरनेट केलं. ११ गुणिले ३.५८ म्हणजे ३९.४, आणि हे ९५ टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण ४१.५. रिपोर्टशी जुळलं, पण या वेळी दोन वेगळ्या वाटांनी येऊन जुळलं.

६२ टक्क्यांवर खड्डा: ९ वॅटला ११.७ व्होल्ट, २६ वॅटला ११.३. करंट ०.७७ वरून २.३०, म्हणजे ०.४ भागिले १.५३, ०.२६ ओहम. जुनीचे ०.७३ होते. महिन्यापूर्वी हा आकडा माझ्याकडे असता तर रिपोर्टमधले ८१ टक्के बघून मी विजयी मुद्रा वगैरे केली नसती.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं लॅपटॉपचं मूळ सेटिंग) जाऊन चार्जची मर्यादा ८० टक्के केली. हा पर्याय पहिल्या दिवसापासून तिथे होता, पाच वर्षांत मी एकदाही आत डोकावले नव्हते. टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवलं. टचपॅडची क्लिक परत लोण्यासारखी.

२० जुलै, शनिवार

जुनीची विल्हेवाट. भंगारवाला ५० रुपये द्यायला तयार होता, पण तो हातोडीने फोडून तांबं काढणार, त्याच्या हाताचं काय होईल म्हणून नाही दिली. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांची आहे, आणि सर्व्हिस सेंटर घ्यायलाही तयार होतं, पण फुगलेली बॅटरी मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला जायची माझी तयारी नव्हती. शेवटी नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यांची गाडी आज साताऱ्यात आली, त्यांना वाळूसकट डब्यात दिली, बाकी घरातले दोन मेलेले मोबाईल आणि एक मिक्सरची मोटार पण. पैसे शून्य, पावती मिळाली.

३ ऑगस्ट, शनिवार

दुपारी लाईट पावणेदोन तास गेली. ८० टक्क्यांवर होता, सगळा वेळ टॅली आणि ब्राउझर, लाईट आली तेव्हा ३६. साधारण साडेदहा वॅटने हिशोब जमतो, १८ वॅट-अवर आणि वर थोडं. मधे एकदा मुद्दाम ३८ वर असताना अँटीव्हायरसचं स्कॅन लावलं आणि दोघं श्वास रोखून बघत बसलो, काही झालं नाही.

बाबा आता सगळ्यांच्या फोनचं वजन करत फिरतायत, फोन आणि वजनाचा काही संबंध नाही हे सांगून झालंय. आईला बादली धुऊन परत दिली, तिने ती घेतली आणि तशीच परत गच्चीवर नेऊन ठेवली.